शुद्धतेचे माप कोणाच्या हाती?

खरिपाचा माल बाजारात येऊ लागला की विदर्भातील बाजार समित्यांच्या आवारात एक जुनाच वाद दरवर्षी नव्याने उभा राहतो: सोयाबीनमध्ये ओलावा किती? हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा सर्वसाधारणपणे १२ टक्क्यांची आहे. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली, यावरून या एका आकड्यावर किती घरांचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो हे ध्यानात यावे. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सुलतानपूर हे अशाच सोयाबीन-कपाशीच्या टापूतले गाव. अशा गावचा शेतकरी माल घेऊन काट्यापाशी उभा राहतो तेव्हा यंत्राने दाखविलेला आकडा त्याला मान्य करावा लागतो; कारण माप त्याच्या हाती नसते, आणि ते माप खरे की खोटे हे पडताळण्याचे साधनही त्याच्यापाशी नसते.

नेमकी हीच अडचण निराळ्या रूपाने आपल्या विज्ञानसंस्थांपुढे आणि लहान उद्योगांपुढे उभी आहे असे म्हटले, तर पुष्कळांना ते ओढूनताणून जुळविलेले वाटेल. परंतु ज्या पदार्थाविषयी येथे लिहावयाचे आहे तो मुळी मोजमापाच्याच कामाचा आहे. त्याचे नाव शिसे-सल्फाइड. शिसे आणि गंधक यांचे संयुग. धान्यातील ओलावा, तेल आणि प्रथिने किरणांच्या साहाय्याने मोजणाऱ्या प्रयोगशाळांतील उपकरणांना अनेक दशके याच पदार्थाने ‘डोळा’ पुरविला आहे. पाण्याचे रेणू १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचे अवरक्त किरण शोषून घेतात. (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग.) हे किरण माणसाला दिसत नाहीत, आणि ज्याचा आज सर्वत्र बोलबाला आहे ते सिलिकॉनही अकराशे नॅनोमीटरच्या पलीकडे आंधळे होते. शिसे-सल्फाइडला मात्र सुमारे तीन हजार नॅनोमीटरपर्यंत दिसते. बाजारातील हातयंत्रे ओलावा बहुधा विजेच्या गुणधर्मांवरून अजमावतात, ही गोष्ट वेगळी.

आज हाच पदार्थ नॅनो, म्हणजे अब्जांश रूपात, ‘अतिशुद्ध’ असे लेबल लावलेल्या लहानशा बाटल्यांतून संशोधनासाठी आणि उद्योगासाठी विकला जातो. त्या लेबलावरील शुद्धतेचा अर्थ काय, ती तपासतो कोण, आणि बाटलीत शुद्ध माल भरला जात असताना बाटलीबाहेर काय उरते, हे प्रश्न तज्ज्ञांच्या बैठकीपुरते ठेवण्यासारखे नाहीत. शिसे हे विष आहे आणि संशोधनाचा पैसा लोकांचा आहे. या दोन कारणांसाठी त्यांची उत्तरे लोकांसमोर यावयास हवीत.

सुरम्यापासून क्षेपणास्त्रापर्यंत

शिसे आपल्याला परके नाही. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली. रसशास्त्राने त्याला ‘नाग’ हे नाव दिले आणि त्याचे भस्म करण्यापूर्वी शोधन केलेच पाहिजे असा दंडक घातला. शिसे-सल्फाइडचे खनिज म्हणजे गॅलेना. राखाडी, चकचकीत आणि हातात घेताच वजनाने चकित करणारे. बाजारात सुरमा म्हणून विकली जाणारी काळी पूड पुष्कळदा याच पदार्थाची असते, असे देशोदेशींच्या तपासण्यांतून दिसून आलेले आहे. डोळ्यांत घालावयाच्या वस्तूत शिसे असावे, हा आपल्या भोळेपणाचा एक दुःखद नमुना होय.

‘नॅनो’ या शब्दाचे अप्रूप वाटणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्राचीन ग्रीक-रोमन लोक शिशाचे ऑक्साइड आणि चुना यांचा लेप लावून केस काळे करीत. केसांतील गंधकाशी शिशाचा संयोग होऊन केसांच्या आतच शिसे-सल्फाइडचे सुमारे पाच नॅनोमीटरचे कण तयार होतात, असे फ्रेंच संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. म्हणजे हे तंत्र दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाच्या हाती होते. त्याला ठाऊक नव्हते ते एवढेच की, आपल्या हाती काय आहे.

आधुनिक काळात या खनिजाला विज्ञानाच्या दरबारात मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत आचार्य जगदीशचंद्र बसू अग्रणी होत. विद्युत्-चुंबकीय तरंग ओळखणाऱ्या त्यांच्या गॅलेना स्फटिकाच्या उपकरणाला १९०४ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. अर्धवाहकावर आधारलेल्या उपकरणाचे ते अगदी आरंभीचे पेटंट. पुढे घरोघरच्या पहिल्या रेडिओसंचांतही गॅलेनाचा खडा आणि त्यावर टेकविलेली बारीक तार हीच युक्ती कामी आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत या पदार्थाचे अवरक्त-शोधक बनविण्यावर काम झाले, आणि १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या ‘साइडवाइंडर’ क्षेपणास्त्राने शत्रूच्या विमानाच्या इंजिनाची उष्णता हेरली ती शिसे-सल्फाइडच्याच डोळ्याने.

नॅनो रूपात या पदार्थाला आणखी एक गुण लाभतो. कण लहान करीत नेला की त्याला कोणता किरण दिसेल, हे त्याच्या आकारावरून ठरू लागते. सुमारे तीन नॅनोमीटरचा कण नऊशे नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टिपू लागतो, तर सहा नॅनोमीटरचा कण दीड हजाराच्या आसपासचा. पदार्थ तोच, घडण तीच. केवळ माप बदलले की गुण बदलतो. अशा कणांना ‘क्वांटम डॉट’ म्हणतात, आणि त्यांच्या शोधासाठी व निर्मितीसाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह या तिघांना देण्यात आले. अवरक्त कॅमेरे, सौरघट, प्रकाशतंतूंवरील संदेशवहन अशा अनेक ठिकाणी या कणांचा उपयोग होऊ शकतो. अर्थात, जेथे आकारावरून गुण ठरतो तेथे आकारातील किंचितशी चूकही महाग पडते.

एका क्विंटलमागे एक ग्रॅम

आता त्या लेबलाकडे वळू. ९९.९९९ टक्के शुद्धता म्हणजे किती? एका क्विंटल तुरीत केवळ एक ग्रॅम खडा, असे म्हटले की कोणाही शेतकऱ्याला ते समजेल. अशी तूर जगातल्या कोणत्याही बाजारात पाहावयास मिळणार नाही. परंतु अर्धवाहकांच्या व्यवहारात एवढी शुद्धता ही चैन नव्हे. कारण दहा लाखांतले दहा परके अणूसुद्धा विजेच्या वहनाची रीत बदलून टाकू शकतात.

तथापि नॅनो कणाच्या बाबतीत या आकड्याचा अर्थ पालटतो. पाच नॅनोमीटर व्यासाच्या शिसे-सल्फाइडच्या कणात सुमारे अडीच हजार अणू असतात. ९९.९९९ टक्के शुद्धतेच्या हिशेबाने चाळीस कणांमागे एखाद्या कणात एक परका अणू सापडेल. उरलेले एकोणचाळीस कण संपूर्ण निर्दोष. वाचताना हे फार समाधानकारक वाटते. परंतु त्याच कणातील जवळजवळ एक तृतीयांश अणू पृष्ठभागावर असतात. ते हवेच्या संपर्कात आले की ऑक्सिजनशी संयोग पावतात. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती ओलेइक आम्लासारख्या सेंद्रिय पदार्थाचे वेष्टन असते. त्याचेही वजन बाटलीतील मालात धरलेले असते. पुष्कळदा लेबलावरील शुद्धता ‘धातूंच्या आधारे’ सांगितलेली असते, म्हणजे तीत फक्त इतर धातूंची भेसळ मोजलेली असते. ऑक्सिजन, कार्बन, उरलेला द्रावक आणि कणांच्या आकारांतील तफावत यांविषयी तो आकडा अवाक्षर बोलत नाही.

याचा अर्थ विक्रेता खोटे बोलतो असा नव्हे. तो खरे बोलतो, पण त्याला विचारले गेले तेवढेच. खडे मोजले, दाणा किडका आहे की नाही हे पाहिलेच नाही, असा हा प्रकार. लेबल वाचणाऱ्याला जर कोणता प्रश्न विचारावयाचा हेच ठाऊक नसेल, तर नऊच्या आकड्यांची ती रांग त्याला दिपवून टाकते आणि तो आणखी काही विचारीत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी पीएच.डी.चे काम करणारा विद्यार्थी मिळालेल्या अनुदानातून अशी बाटली मागवितो. प्रयोगाचा निकाल अपेक्षेप्रमाणे आला नाही, तर दोष आपल्या हाताचा की बाटलीतल्या मालाचा, हे ठरविण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. बाजार समितीच्या काट्यापाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याची आणि त्याची स्थिती एकच.

पुणे, कोल्हापूर आणि लोणार

महाराष्ट्राला या विषयातले काही येत नाही, अशी परिस्थिती असती तर तक्रारीला जागा नव्हती. वस्तुस्थिती उलट आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धातूंच्या सल्फाइडांसारख्या संयुगांचे पातळ थर साध्या रासायनिक द्रावणातून काचेवर बसविण्याच्या पद्धतीवर वर्षानुवर्षे काम केले, आणि त्यांचे आढावा-लेख जगभरचे अभ्यासक वाचतात. ही पद्धत मुळात कमी खर्चाची. शिशाचा एखादा क्षार, थायोयुरिया आणि अल्क यांच्या द्रावणात काच बुडवून ठेवली की तिच्यावर शिसे-सल्फाइडचा काळसर, आरशासारखा थर चढतो. १८८४ पासून ठाऊक असलेली ही क्रिया कोणत्याही जिल्ह्याच्या महाविद्यालयात करून पाहता येण्याजोगी आहे.

पुण्याची गोष्ट त्याहून विलक्षण. आघारकर संशोधन संस्था आणि पुणे विद्यापीठ यांतील संशोधकांनी, मीनल कौशिक, सुलभा कुलकर्णी, किशोर पाकणीकर आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी, २००२ मध्ये असे दाखवून दिले की टोरुलॉप्सिस जातीच्या यीस्टला शिशाच्या द्रावणात वाढविले तर ती आपल्या पेशीत शिसे-सल्फाइडचे दोन ते पाच नॅनोमीटरचे स्फटिक घडविते. ज्या विषाने ती मरावयाची, त्याला गंधकाशी बांधून ती निरुपद्रवी करून ठेवते. आणि तिचा हा स्वसंरक्षणाचा उद्योग म्हणजेच आपला नॅनो पदार्थ.

ज्या आघारकर संस्थेत हे काम झाले, तिच्याकडेच २०२० साली सुलतानपूरपासून काही किलोमीटरांवर असलेल्या लोणार सरोवराचे पाणी तपासणीसाठी गेले होते. त्या वर्षीच्या जून महिन्यात सरोवर एकाएकी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे जगभर गाजली. मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे, ‘हॅलोआर्किया’मुळे, हा रंग आल्याचा निष्कर्ष तेथील तपासणीने दिला. उल्कापाताने काळ्या पाषाणात खणलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आणि त्यातील क्षारयुक्त पाणी ही सूक्ष्मजीवांची स्वतंत्र सृष्टी आहे. काठच्या चिखलाला येणारा सडक्या अंड्यासारखा वास हा तेथील सूक्ष्मजीव सल्फाइड तयार करीत असल्याची खूण होय. हे सरोवर अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही आहे. तेव्हा तेथे कोणी कारखाना काढावा असे सुचविण्याचा वेडेपणा अर्थातच कोणी करू नये. पण गंधक आणि धातू यांचा जो व्यवहार अभ्यासण्यासाठी आपण परदेशी ग्रंथ उघडतो, तो सुलतानपूरच्या विद्यार्थ्याला एसटीच्या थोड्याशा प्रवासात पाहावयास मिळू शकतो, एवढे सांगणे मात्र जरूर आहे.

उणीव ज्ञानाची नाही; ज्ञान पडताळण्याच्या सोयीची आहे. कण किती मोठा हे पाहण्यास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, घडण पाहण्यास क्ष-किरण विवर्तनाचे यंत्र लागते, आणि दहा लाखांतला एक परका अणू शोधण्यास त्याहून महाग साधने लागतात. अशी साधने पवईच्या आयआयटीसारख्या संस्थांत आहेत आणि ती बाहेरच्यांसाठीही उपलब्ध असतात. परंतु सुलतानपूर-मेहकरच्या विद्यार्थ्याला पवई चारशेहून अधिक किलोमीटर लांब. त्या अंतरापेक्षाही लांब वाटते ती शुल्काची रक्कम, आणि तेथे काय मागावयाचे याची माहिती.

बाटलीबाहेरचे शिसे

येथवर शुद्धतेचा विचार बाटलीच्या आतून केला. तो बाहेरूनही करावयास हवा. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; आणि त्याचा सर्वांत मोठा घाव बसतो तो लहान मुलांच्या बुद्धीवर. शिसे-सल्फाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून ते निर्धोक आहे असा युक्तिवाद कधीकधी केला जातो. तो अर्धवट आहे. जठरातील आम्लात ते विरघळू शकते, हवेत हळूहळू त्याचे सल्फेट होते, आणि कण जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग मोठा व म्हणून या क्रिया अधिक वेगवान. बाटली धुतलेले पाणी, फसलेल्या प्रयोगाचे द्रावण, कामगाराच्या हातमोज्याला चिकटलेली पूड, हे सारे कोठेतरी जातेच.

यावर कोणी म्हणेल, मग हा पदार्थच नको. युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतील शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा घातली आहे, आणि शिशाविना चालतील अशा अवरक्त-शोधक कणांचा शोध जगभर चालू आहे. तो यशस्वी झाला तर त्याचे स्वागतच होईल. परंतु आज शिसे आपल्या जीवनातून गेलेले नाही, हेही तितकेच खरे. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशाचा फार मोठा भाग बॅटऱ्यांत जातो. ट्रॅक्टर, इन्व्हर्टर, सौरदिवे यांच्या बॅटऱ्या आज गावोगाव आहेत. त्या निकामी झाल्यावर उघड्यावर फोडून शिसे वितळविण्याचा उद्योग या देशात अनेक ठिकाणी चालत आला आहे. प्रयोगशाळेतील काही ग्रॅमांपेक्षा हे संकट कितीतरी मोठे. आणि त्याची झळ सुलतानपूरसारख्या रस्त्यावरच्या गावालाच आधी लागावयाची. पेट्रोलमधून शिसे २००० सालापर्यंत गेले. घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून दहा लाखांत नव्वद भागांची मर्यादा आली. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. म्हणजे नियम करणे आपल्याला साधते. प्रश्न नेहमी येतो तो मोजून पाहण्याचा.

आणि येथे रसायनशास्त्राने आपल्याला एक सवलत दिलेली आहे. ज्या क्रियेने हा मौल्यवान पदार्थ तयार होतो, त्याच क्रियेने सांडपाण्यातील शिसेही पकडता येते. पाण्यात सल्फाइड सोडले की शिसे त्याच्याशी बांधले जाऊन काळ्या साक्याच्या रूपाने खाली बसते. त्याची विद्राव्यता इतकी नगण्य की वर उरणाऱ्या पाण्यात शिसे फारच थोडे राहते. पुण्याच्या यीस्टने आपल्या पेशीत केले तेच कारखान्याने आपल्या टाकीत करावयाचे. तेव्हा ‘उपाय नाही’ ही सबब या पदार्थाच्या उत्पादकाला तरी सांगता येणार नाही.

मग करावयाचे काय? लोकांच्या पैशातून जेव्हा अशी अतिशुद्ध द्रव्ये विकत घेतली जातात, तेव्हा प्रमाणपत्रावर केवळ टक्केवारी चालू नये. काय मोजले, कोणत्या रीतीने मोजले आणि काय मोजले नाही, हे त्यावर लिहिलेले असावे. दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा ‘भारतीय निर्देशक द्रव्ये’ या नावाने तुलनेसाठी प्रमाणित नमुने देते. त्या यादीत अशा नॅनो पदार्थांना अधिकाधिक स्थान मिळाले तर देशातल्या प्रत्येक प्रयोगशाळेला आपला माल घासून पाहण्यासाठी एक कसोटी लाभेल. जिल्ह्याच्या महाविद्यालयांतून टपालाने आलेले नमुने विद्यापीठांनी आणि मोठ्या संस्थांनी नाममात्र शुल्कात तपासून द्यावेत. जो कोणी शिशाचा नॅनो पदार्थ बनवील, त्याने आत आलेले शिसे किती, विकलेल्या मालात गेले किती आणि उरलेले कोठे ठेवले, याची खतावणी दरवर्षी उघड करावी. यात अशक्य असे काही नाही. गावच्या सहकारी सोसायटीकडून ज्या हिशेबाची अपेक्षा आपण करतो, त्याहून अधिक हे काही मागणे नव्हे.

२००७ मध्ये केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपयांची नॅनो मोहीम हाती घेतली, आणि त्यानंतर या क्षेत्रात भारतीय शोधनिबंधांची संख्या वाढत गेली, हे अभिमानास्पद आहे. पण शोधनिबंध मोजणे सोपे असते; पदार्थ मोजणे कठीण. देशात माल बनू लागला म्हणजे स्वावलंबन आले, अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही. दुसऱ्याने लावलेल्या लेबलावर विसंबून राहावे लागते तोवर माल कोठे बनला याला फारसे महत्त्व नाही. ते लेबल खरे आहे की नाही हे सुलतानपूरच्या मुलीला जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून पाहता आले पाहिजे, आणि तिच्या वडिलांना सोयाबीनचा ओलावा बाजाराच्या आवारात स्वतः पडताळून घेता आला पाहिजे. या दोन्ही मागण्या एकाच न्यायाच्या आहेत, आणि शासनाने त्या एकाच निकडीने मान्य कराव्यात.